काम केलं म्हणजे नक्की काय केलं?

मराठीत ‘काम’ हा शब्द कुठे कुठे येतो याची एकदा यादी करून बघा. आपण कामाला जातो, कामाला लागतो, कामात असतो. कुणाकडे आपलं काम असेल तर फोनवर आधी हवापाण्याच्या गप्पा मारतो आणि मग हळूच म्हणतो, ‘तुमच्याकडे एक छोटंसं काम होतं.’ नट नाटकात काम करतो, औषध काम करतं, वायफाय ऐन वेळी काम करत नाही. टाळाटाळ करणारा कामचुकार असतो आणि तात्पुरती डागडुजी कामचलाऊ. जुन्या बखरींमधला शिपाई लढाईत ‘कामी येतो’, म्हणजे मारला जातो. शिवाय बांधकाम, विणकाम, भरतकाम, सुतारकाम आहेतच.

इतकी कामं करणारा हा शब्द एका ठिकाणी मात्र हटकून अडतो. ‘तुमच्या मिसेस काय करतात?’ ‘काही नाही, घरीच असते.’ परदेशातल्या मराठी घरांत याची आणखी एक आवृत्ती ऐकू येते: ‘तिला इथे काम करायची परवानगी नाही.’ हे वाक्य उच्चारलं जात असतं तेव्हा ती बहुतेक वेळा बारा जणांचा स्वयंपाक उरकून, रडणारं पोर कडेवर घेऊन, पाहुण्यांना ताटं वाढत असते. परवानगी नसताना!

या विरोधाभासाकडे विज्ञानाच्या बाजूनं बघायचा हा प्रयत्न आहे. ‘काम म्हणजे काय’ या प्रश्नाला भौतिकशास्त्रानं एक उत्तर दिलं, शरीरशास्त्रानं दुसरं, अर्थशास्त्रानं तिसरं आणि कायद्यानं चौथं. प्रत्येक उत्तर आपापल्या जागी बरोबर आहे, कारण प्रत्येकाला काहीतरी वेगळं मोजायचं होतं. एका मोजपट्टीचं उत्तर दुसऱ्या जागी नेऊन लावलं की गडबड होते.

कर्म, काम आणि कार्य

आधी शब्दाची कुळकथा. संस्कृत ‘कर्मन्’चं प्राकृतात ‘कम्म’ झालं आणि मराठीत ‘काम’. जोडाक्षरातला एक व्यंजन गळायचा आणि त्याची भरपाई म्हणून आधीचा स्वर लांब व्हायचा, हा मराठीचा नेहमीचा रस्ता आहे. कर्ण, कण्ण, कान. पर्ण, पण्ण, पान. तसंच कर्म, कम्म, काम. इच्छा किंवा वासना या अर्थाचा ‘काम’ हा वेगळा शब्द आहे. तो संस्कृतातून जसाच्या तसा आला. दोघांचा उच्चार जुळला हा योगायोग.

म्हणजे मराठी ‘काम’च्या मुळाशी फक्त ‘करणं’ आहे. त्यात पैसा कुठेच नाही. पैसे घेऊन करायच्या कामासाठी मराठीनं बाहेरून वेगळे शब्द घेतले: नोकरी, चाकरी, मजुरी, रोजगार हे फारसीतून आले आणि ‘पगार’ पोर्तुगीजांकडून. काम आणि नोकरी या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हा फरक आपल्या भाषेत आधीपासून आहे. तो नंतर पुसट झाला.

शाळेत या कुटुंबातला तिसरा भाऊ भेटतो: ‘कार्य’. महाराष्ट्र बोर्डाच्या नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘कार्य आणि ऊर्जा’ हा धडा आहे. मराठी मुलांसाठी यात एक वेगळीच अडचण असते. घरी ‘कार्य आहे’ म्हणजे लग्न किंवा मुंज असते, कार्यालय म्हणजे मंगल कार्यालय असतं, आणि वर्गात बाई सांगतात की कार्य म्हणजे बल गुणिले बलाच्या दिशेनं झालेलं विस्थापन. मग येतं ते प्रसिद्ध उदाहरण: तुम्ही भिंत तासभर ढकललीत, घामाघूम झालात, भिंत हलली नाही, तर तुम्ही केलेलं कार्य शून्य.

हे ऐकून वर्गातलं प्रत्येक मूल मनात म्हणतं, ‘हा काय अन्याय?’ त्या मुलाचं चुकत नाही. पण पुस्तकाचंही चुकत नाही.

घोडा, खाण आणि पाण्याचा हंडा

भौतिकशास्त्रातल्या कार्याची व्याख्या डोंगरावर ध्यान लावून कुणाला सुचलेली नाही. ती खाणी, गिरण्या आणि पाणी उपसणाऱ्या पंपांच्या आसपास जन्माला आली. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जेम्स वॉट वाफेची यंत्रं विकत होता. गिऱ्हाईक विचारायचं, ‘हे यंत्र माझ्या किती घोड्यांचं काम करेल?’ वॉटला त्याचं उत्तर आकड्यात हवं होतं. त्यानं गिरणीचं चाक फिरवणाऱ्या घोड्याचा हिशेब मांडला: १२ फूट त्रिज्येचं वर्तुळ, तासाला १४४ फेऱ्या, ओढ १८० पौंडांची. गुणाकार केल्यावर मिनिटाला ३२,५७२ फूट-पौंड आले. ते त्यानं ३३,००० करून टाकले. ती अश्वशक्ती आजही गाडीच्या जाहिरातीत असते. एक अश्वशक्ती म्हणजे सुमारे ७४६ वॅट. धडधाकट माणूस दिवसभर टिकेल अशा बेतानं राबला तर साधारण ७५ वॅट देऊ शकतो, म्हणजे अश्वशक्तीचा दहावा हिस्सा.

पुढे १८२९ साली फ्रान्समध्ये गास्पार-गुस्ताव्ह कोरिऑलिस यानं यंत्रांच्या परिणामाची गणना कशी करावी यावर पुस्तक लिहिलं. त्यात बल गुणिले अंतर या राशीला त्यानं ‘त्राव्हाय’ असं नाव दिलं. त्याच सुमारास मेट्झ शहरात कारागिरांना यंत्रशास्त्र शिकवणारा पोन्सले हाही हाच शब्द वापरत होता. ‘त्राव्हाय’ हा फ्रेंच माणसाचा रोजचा शब्द आहे. आपण ‘काम’ म्हणतो तोच. मजूर जे विकतो आणि मालक जे विकत घेतो, ते मोजायचं म्हणून मजुराचाच शब्द उचलला. मराठी परिभाषा करताना ‘काम’ सोडून संस्कृत ‘कार्य’ निवडलं गेलं. फ्रेंच मुलाच्या वाट्याला कष्टाचा शब्द आला, आपल्या वाट्याला लग्नाचा.

ही व्याख्या यंत्रासाठी चोख होती. खाणमालकाला किती पाणी किती उंचीवर आलं एवढ्याशी मतलब होता. पंपाला दम लागला का, हा प्रश्न त्याला पडायचं कारण नव्हतं.

आता पंपाच्या जागी माणूस ठेवू. १५ लिटर पाण्याचा हंडा घेऊन एक बाई दोन मजले, म्हणजे सुमारे ६ मीटर चढते. पाण्यावर झालेलं कार्य: १५ किलो गुणिले ९.८ गुणिले ६, म्हणजे ८८२ ज्यूल. एका पोळीतून साधारण १०० किलोकॅलरी, म्हणजे ४ लाखांहून जास्त ज्यूल मिळतात. या हिशेबानं एका पोळीवर पावणेपाचशे हंडे वर जायला हवेत!

आणि हाच हंडा तिनं विहिरीपासून घरापर्यंत सपाट वाटेनं एक किलोमीटर आणला, तर? तिनं हंड्याला दिलेलं बल वरच्या दिशेनं, हंड्याचं विस्थापन आडव्या दिशेनं. दोन्ही एकमेकांना काटकोनात. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध झालेलं कार्य शून्य. रेल्वे स्टेशनवर डोक्यावर दोन बॅगा घेऊन सपाट फलाटावरून चालणाऱ्या हमालाचंही तेच. पाठ्यपुस्तकाच्या भाषेत त्यानं त्या बॅगांवर कार्य केलंच नाही. हमालाला हे सांगून मजुरी कमी करून बघा.

शून्य कार्य, पण घाम खरा

माझं संशोधन स्नायूंमधल्या प्रथिनांवर आहे, त्यामुळे या शून्याशी माझी रोजची गाठ असते. या शून्याच्या आत काय चालतं ते जरा सविस्तर सांगते.

भाजीची पिशवी हातात धरून तुम्ही लिफ्टची वाट बघत उभ्या आहात. पिशवी हलत नाही, म्हणून कार्य शून्य. तीच पिशवी भिंतीतल्या खुंटीला अडकवली तर खुंटीही तेवढंच बल लावते आणि तिचंही कार्य शून्य. पण खुंटी दहा वर्षं तशीच राहील आणि तुमचा हात पाच मिनिटांत भरून येईल. का?

स्नायूच्या पेशीत दोन प्रकारचे धागे एकमेकांत गुंतलेले असतात: जाड धागा मायोसिनचा, बारीक धागा ॲक्टिनचा. मायोसिनला असंख्य छोटी डोकी असतात. एक डोकं ॲक्टिनला पकडतं, ओढतं, सोडतं आणि पुन्हा पकडतं. रस्सीखेच खेळताना आपण दोर जसा हातांमागून हात टाकून ओढतो, तसंच. १९५४ साली ‘नेचर’ नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन गटांनी हे धागे एकमेकांवरून सरकतात असं मांडलं. गंमत म्हणजे एका गटात अँड्र्यू हक्सली होते आणि दुसऱ्यात ह्यू हक्सली, आणि दोघांचं एकमेकांशी काही नातं नव्हतं.

या प्रत्येक पकड-ओढ-सोड फेरीत एटीपी नावाच्या रेणूचा एक नग खर्च होतो. त्यातही मजा अशी की एटीपी लागतो तो पकड सोडवायला. एटीपी संपला तर डोकी चिकटलेलीच राहतात. मृत्यूनंतर शरीर ताठरतं ते यामुळेच. पिशवी स्थिर धरलेली असते तेव्हा बाहेरून काहीच हलत नाही, पण आत लाखो डोकी पकडतात, ओढतात, निसटतात, पुन्हा पकडतात. एकूण अंतर शून्य. एटीपी मात्र जळतोच, त्याची उष्णता होते आणि तुम्हाला घाम फुटतो. स्नायूंतल्या या उष्णतेचं बारीक मोजमाप आर्चिबाल्ड हिल यांनी बेडकाच्या स्नायूंवर केलं आणि १९२२ सालच्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला.

मग खुंटीसारखे स्नायू निसर्गानं बनवलेच नाहीत का? बनवलेत. कोकणातल्या मंडळींनी तिसऱ्या साफ करताना बघितलं असेल, घट्ट मिटलेला शिंपला बोटांनी उघडता उघडत नाही. शिंपल्यांच्या कवचाला बंद ठेवणाऱ्या स्नायूत एक खास सोय असते. एकदा मिटला की धाग्यांची पकड जणू कुलूप लावल्यासारखी बसते आणि अगदी थोड्या ऊर्जेवर तासन् तास टिकते. आपल्या हातापायांच्या स्नायूंना ही सोय नाही. आपले स्नायू झटपट हालचालीसाठी घडलेत. नुसतं धरून ठेवणं हे त्यांना महागात पडतं.

आता वरचा हंड्याचा हिशेब नीट करू. ६० किलो वजनाची बाई हंडा घेऊन ६ मीटर चढते तेव्हा ती स्वतःलाही वर नेते. एकूण ७५ किलो, म्हणजे ४,४१० ज्यूल. स्नायू अन्नातल्या ऊर्जेचा फार तर पाव हिस्सा यांत्रिक कार्यात बदलतात, बाकीची उष्णता होऊन जाते. म्हणजे खर्च चौपट, सुमारे सव्वाचार किलोकॅलरी. एका पोळीवर पावणेपाचशे नाही, तर जेमतेम चोवीस चढण्या. त्यातही जिना उतरणं, हंडा डोक्यावर तोलून धरणं, विहिरीतून पाणी शेंदणं हे धरलेलंच नाही.

सपाट वाटेवरचं ‘शून्य’ही असंच फसवं आहे. हंड्यावर कार्य झालं नसेल, पण प्रत्येक पावलागणिक तिचं शरीर थोडं वरखाली होतं, पाय पुढे फेकले जातात, मान आणि पाठ हंडा तोलून धरतात. शून्य हे हंड्याच्या बाजूचं उत्तर आहे. बाईच्या बाजूचा प्रश्न आपण विचारलाच नव्हता.

कॅलरी मोजून तरी काम कळतं का?

इथे कुणाला वाटेल, मग सोपं आहे, कामाची मोजपट्टी म्हणून खर्च झालेल्या कॅलरी घ्या. हा विचारही जुना आहे. १७८९ आणि १७९०च्या सुमारास पॅरिसमध्ये अंत्वान लाव्हाझिए यानं आपला सहकारी सेगँ याला तोंडावर मुखवटा चढवून बसवलं आणि विश्रांतीत तो किती ऑक्सिजन घेतो, पायानं वजन उचलताना किती घेतो हे मोजलं. काम करताना ऑक्सिजन जास्त लागतो, हे त्यातून दिसलं. लाव्हाझिएला तर अशीही आशा होती की चिंतन करणारा तत्त्वज्ञ किंवा रचना करणारा संगीतकार किती यांत्रिक श्रम करतो हेही या पद्धतीनं काढता येईल.

या प्रयोगांची चित्रं उपलब्ध आहेत. त्यात सेगँ आहे, लाव्हाझिए आहे, मदतनीस आहेत आणि बाजूला टेबलाशी बसून नोंदी करणारी एक बाई आहे. ती म्हणजे लाव्हाझिएची पत्नी मारी-अ‍ॅन. चित्रंही तिनंच काढली. इंग्रजी तिला येत होतं, त्याला येत नव्हतं. म्हणून इंग्रजी रसायनशास्त्राचे ग्रंथ ती भाषांतर करून द्यायची. १७९४ साली त्याला गिलोटिनवर चढवल्यानंतर त्याचं राहिलेलं लेखनही तिनंच प्रसिद्ध केलं. मानवी श्रमाच्या पहिल्या मोजमापांपैकी एका प्रयोगात सेगँच्या श्रमाचा आकडा निघाला. टेबलाशी बसलेल्या बाईच्या श्रमाची नोंद फक्त तिच्या स्वतःच्या चित्रात राहिली.

तत्त्वज्ञाचे श्रम मोजायची लाव्हाझिएची आशा पुढे कशी संपली तेही ऐका. आपला मेंदू वजनानं शरीराच्या २ टक्के असतो, पण विश्रांतीच्या वेळच्या ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के तोच खातो. वाटेल की मग डोकं चालवायला भरपूर ऊर्जा लागत असेल. १९३०च्या सुमारास बॉस्टनमध्ये फ्रान्सिस आणि कॉर्नेलिया बेनेडिक्ट या दांपत्यानं लोकांना अवघड तोंडी गणितं घालून त्यांचा ऊर्जाखर्च मोजला. तासभराच्या जबर बौद्धिक श्रमाला लागणारी जादा ऊर्जा अर्ध्या खाऱ्या शेंगदाण्यातून भागेल, असा निष्कर्ष निघाला. मेंदूचा खर्च मोठा आहे, पण तो विचार करा किंवा न करा, जवळपास सारखाच चालू असतो.

म्हणजे कॅलरीच्या हिशेबानं दिवसभर कोड लिहिणारा इंजिनिअर जवळजवळ काहीच करत नाही! संशोधक शारीरिक हालचालींची तुलना विश्रांतीच्या पटीत करतात. नुसतं शांत बसणं म्हणजे १. टेबलाशी बसून ऑफिसचं काम केलं तर हा आकडा दीडच्या आत राहतो. झाडणं, फरशी पुसणं तीन ते साडेतीनच्या घरात जातं. ‘घरी बसलेली’ व्यक्ती बसलेली नसते आणि ‘कामावर गेलेली’ व्यक्ती बहुतांश वेळ बसलेली असते. शब्द आणि शरीर उलट्या दिशांनी चाललेत.

तरीही इंजिनिअर काम करतो हे आपण सगळेच मान्य करतो, आणि करायलाच हवं. आपण त्याचे ज्यूल मोजत नाही, कॅलरी मोजत नाही. आपण पगार बघतो. तिसरी मोजपट्टी ती.

पाणी आणलं तर उत्पादन, चहा केला तर नाही

१९३४ साली सायमन कुझनेट्स यांनी अमेरिकेच्या काँग्रेससमोर राष्ट्रीय उत्पन्नाचा अहवाल ठेवला. आज ज्याला आपण जीडीपी म्हणतो त्याचा हा पाया. त्यात गृहिणींचं काम त्यांनी वगळलं, आणि वगळल्याचं स्पष्ट लिहिलं. त्याची किंमत ठरवायला भरवशाचा आधार नाही, असं त्यांचं कारण होतं. घरकाम हे काम नाही, असं त्यांचं म्हणणं नव्हतं. अडचण मोजण्याची होती.

या पद्धतीतला विनोद आर्थर पिगू या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञानं १९२०मध्येच दाखवून ठेवला होता. एखाद्या माणसानं आपल्या पगारी घरकामवालीशी लग्न केलं तर देशाचं उत्पन्न घटतं. फरशी तीच, केरसुणी तीच, हात तेच. मराठीत हे आणखी उघडं दिसतं. दुसऱ्याच्या घरची भांडी घासणाऱ्या बाईला आपण ‘कामाला जाते’ म्हणतो. महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळासाठी कायदा झाला, म्हणजे ते काम कायद्यालाही मान्य आहे. संध्याकाळी तीच बाई स्वतःच्या घरी भांडी घासते तेव्हा ती ‘घरी असते’.

आपल्या हंड्याचंही इथे काय होतं बघा. राष्ट्रीय उत्पन्नाच्या आंतरराष्ट्रीय नियमांत स्वतःच्या घरासाठी वस्तू तयार करणं उत्पादनात धरलं जातं, सेवा धरली जात नाही. त्यानुसार विहिरीवरून पाणी भरून आणणं हे उत्पादन आहे. त्याच पाण्याचा चहा करून घरच्यांना देणं मात्र उत्पादन नाही. भौतिकशास्त्रानं सपाट वाटेवर हंड्याला शून्य दिलं होतं, तिथे अर्थशास्त्र गुण देतं. आणि हंडा चुलीशी पोचला की अर्थशास्त्र वही मिटतं.

वहीबाहेर किती उरतं याचा अंदाज वेळेच्या सर्वेक्षणांतून येतो. भारताच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं २०१९ साली लोक दिवसाचे चोवीस तास कसे घालवतात हे विचारलं. विनावेतन घरकाम त्या दिवशी केलं असं सांगणाऱ्यांमध्ये ६ वर्षांवरच्या स्त्रिया होत्या ८१.२ टक्के आणि पुरुष २६.१ टक्के. जे ते करतात त्यांचा सरासरी वेळही वेगळा: स्त्रिया दिवसाला २९९ मिनिटं, पुरुष ९७ मिनिटं. २९९ मिनिटं म्हणजे एक मिनिट कमी पाच तास. मुलांची आणि आजाऱ्यांची देखभाल यात नाही. ती वेगळ्या रकान्यात आहे. आणि रविवारची सुट्टी नाही.

मग कुठल्या कृतीला काम म्हणायचं हे ठरवायचं कसं? कुझनेट्स यांचा अहवाल आला त्याच १९३४ साली मार्गारेट रीड या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी घरातल्या उत्पादनावर पुस्तक लिहिलं आणि एक साधी कसोटी दिली: ही गोष्ट तुमच्याऐवजी दुसऱ्या कुणी केली तर तुमचं भागेल का? भागत असेल तर ते काम. स्वयंपाक दुसरा कुणी करू शकतो, म्हणून स्वयंपाक हे काम. तुमच्या वाटचं जेवण दुसऱ्यानं जेवून चालत नाही, म्हणून जेवणं हे काम नाही. बाळाला अंघोळ घालणं काम. स्वतःची झोप काढणं काम नाही. यात ज्यूल लागत नाहीत, कॅलरी लागत नाहीत, पगाराची पावतीही लागत नाही.

ही कसोटी मुख्य प्रवाहात यायला बराच काळ लागला. २०१३ साली जीनिव्हामध्ये जगभरच्या श्रम-सांख्यिकी तज्ज्ञांची परिषद भरली आणि तिनं ‘काम’ आणि ‘रोजगार’ यांच्या व्याख्या अधिकृतपणे वेगळ्या केल्या. दुसऱ्यांच्या किंवा स्वतःच्या वापरासाठी वस्तू बनवणं, सेवा देणं हे सगळं काम. त्यातलं पैसे किंवा नफ्यासाठी केलेलं तेवढं रोजगार. विनावेतन घरकाम, देखभाल, स्वयंसेवा ही सगळी कामाचीच रूपं ठरली. मराठीनं ‘काम’ आपलं आणि ‘रोजगार’ फारसीचा ठेवून जो भेद केला होता, तोच शेवटी आंतरराष्ट्रीय ठरावात आला.

व्हिसाच्या फॉर्मवर

आता पुन्हा आपल्या मंडळींकडे. अमेरिकेत एच-१बी व्हिसावर आलेल्यांच्या जोडीदाराला एच-४ मिळतो. एच-४ धारकाला स्वतंत्र परवानगीशिवाय नोकरी करता येत नाही. २६ मे २०१५पासून त्यांच्यापैकी काहींना, मुख्यतः ज्यांच्या जोडीदाराची ग्रीन कार्डाची प्रक्रिया ठराविक टप्प्यापर्यंत पोचली आहे अशांना, ती परवानगी मागता येते. बाकीच्यांना वाट बघावी लागते, आणि भारतीयांसाठी ही वाट किती लांब असते हे वेगळं सांगायला नको.

या परवानगीच्या अधिकृत नावात शब्द आहे ‘एम्प्लॉयमेंट’, म्हणजे रोजगार. कायद्यानं आपल्या पुरता शब्द नेमका वापरला आहे; त्याला श्रमाच्या बाजाराचं नियमन करायचं आहे. बोलण्यात आपण त्याचं ‘वर्क परमिट’ केलं, मग ‘काम करायची परवानगी नाही’, मग ‘काम करत नाही’, आणि शेवटी ‘काही करत नाही’. चार पायऱ्यांत नोकरीबद्दलचं विधान माणसाबद्दलचं झालं.

याची किंमत कशी मोजावी लागते, याचं एक उदाहरण. माझी एक मैत्रीण, जैवतंत्रज्ञानात एमएस्सी. परवानगी आल्यावर नोकरीसाठी अर्ज करताना तिनं मधल्या सहा वर्षांची जागा कोरी सोडली होती. त्या सहा वर्षांत तिनं परक्या देशात दोन मुलं वाढवली होती, दोन वेळा घर हलवलं होतं, मराठी शाळेत दर रविवारी शिकवलं होतं आणि नवऱ्याच्या नोकरीच्या वेळा सांभाळून घराचं सगळं वेळापत्रक चालवलं होतं. रीडबाईंची कसोटी लावली तर यातली प्रत्येक गोष्ट पैसे देऊन दुसऱ्याकडून करून घेता येते, आणि इथल्या दरानं पाळणाघराचं बिल किती येतं हे आपल्यापैकी अनेकांना तोंडपाठ आहे. आम्ही दोघींनी बसून त्या अर्जात मराठी शाळेचं शिकवणं घातलं. तेवढं तरी रकान्यात बसत होतं.

घरकामाला गोड शब्दांनी मखरात बसवा, असं मला म्हणायचं नाही. ‘गृहिणी हीच खरी गृहलक्ष्मी’ म्हणून ताट पुन्हा तिच्याच हातात देणं सोपं असतं. नोकरीनं पैसा मिळतो, पेन्शन मिळते, स्वतःच्या नावावर काहीतरी राहतं. ते घरकामानं मिळत नाही, आणि ज्यांना नोकरी हवी आहे त्यांना ती मिळायलाच हवी. पण या उणिवा सांगायच्या असतील तरी आधी तिथे काम आहे हे मान्य करावं लागतं. जे काम मानलंच जात नाही, ते वाटूनही घेता येत नाही.

म्हणून एक छोटा प्रयोग सुचवते. एका आठवड्यासाठी फ्रिजवर कागद लावा. घरातल्या प्रत्येकानं दिवसभरात केलेल्या गोष्टी लिहायच्या आणि प्रत्येकीपुढे रीडबाईंचा प्रश्न विचारायचा: हे माझ्याऐवजी दुसऱ्या कुणी केलं असतं तर चाललं असतं का? उत्तर ‘हो’ असेल तिथे मिनिटं लिहा. मुलांना डॉक्टरकडे नेणं, भारतातल्या सासूबाईंच्या औषधांची फोनवरून चौकशी करणं, डब्यात काय द्यायचं याचा विचार, सगळं येऊ द्या. आठवड्याच्या शेवटी प्रत्येकाच्या नावापुढची बेरीज करा. नमुना एकाच घराचा असला तरी चर्चेला पुरेसा होतो.

आणि पुढच्या वेळी गणपतीच्या कार्यक्रमात कुणी विचारलं की ‘वहिनी काय करतात?’, तर उत्तर अचूक द्या. ‘सध्या नोकरी करत नाही’ हे खरं वाक्य आहे. बाकीचं वाक्य पूर्ण करायला वहिनी शेजारीच उभ्या असतील, त्यांनाच बोलू द्या.